तळाशी ओरखडे

मराठीत लिलावासाठी जे शब्द आहेत ते दोन्ही परके आहेत. 'लिलाव' पोर्तुगिजांकडून आला आणि जुन्या कागदांतून भेटणारा 'हर्रास' अरबीतून. मात्र लिलावात जी लावायची तिला आपण 'बोली' म्हणतो, आणि हा शब्द अस्सल आपला आहे. प्रमाणभाषा आणि बोली यांवर आम्ही दोघांनी आजवर किती तास घेतले असतील याची गणती नाही. परंतु ज्या बोलीत माणूस हात वर करतो, एक आकडा उच्चारतो आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या कुणाच्या आजीचे भांडे आपले होते, त्या बोलीविषयी आम्ही वर्गात कधी चकार शब्द काढला नाही. तो इथे काढावा म्हणतो. तो काढण्यास एक कारण घडले आहे, आणि ते आमच्या फारसे बाजूचे नाही.

आम्ही दोघे एकाच विषयाचे अध्यापक. एम.ए.ला एकाच बाकावर होतो, पुढे एकाच घरात आलो. घरात पुस्तके असणारच होती, ती झाली. जुनी चांदी येईल असे मात्र कुणाला, निदान आमच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला, वाटले नव्हते. सुरुवात मुंबईच्या चोरबाजारात झाली. मटन स्ट्रीटवरील एका दुकानात जुने दिवाण-ए-गालिब शोधायला गेलो असता एक काळवंडलेला चहाचा चमचा हाती आला. त्याच्या दांड्यामागे पाच बारीक ठसे होते : एक सिंह, एक नांगर, एक अक्षर, राणीचे मस्तक आणि कुणाची तरी आद्याक्षरे. नांगर पाहून आम्ही तर्क केला की चमचा जहाजावरचा असणार. बरेच दिवस आम्ही पाहुण्यांना तसे सांगतही होतो.

पुढे कळले की नांगर ही बर्मिंगहॅमच्या पारख-कचेरीची खूण. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही शहरांना चांदी पारखण्याचा अधिकार मिळाला, आणि समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमच्या वाट्याला नांगर आला. या खुणांची वाटणी लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत नाणे उडवून झाली, अशी आख्यायिका सांगतात. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असल्याची ग्वाही. तो इंग्लंडात १५४४ पासून उमटतो आहे. एकटे अक्षर म्हणजे वर्ष. राणीचे मस्तक म्हणजे कर भरल्याची पावती, आणि ती पद्धत १८९० मध्ये संपली. आद्याक्षरे कारागिराची. जहाज कुठेच नव्हते. आमच्यासारख्या, संहितेतून अर्थ काढण्याचा पगार घेणाऱ्या माणसांना यापरता धडा कोणता असावा? पाच अक्षरांचे एक वाक्य आम्ही आत्मविश्वासाने चुकीचे वाचले होते.

तेव्हापासून आम्ही चांदी वाचू लागलो. हा शब्द जाणीवपूर्वक वापरतो आहोत. संग्राहकांचे ढोबळ दोन प्रकार असतात. काही पाहतात, काही वाचतात. नक्षी, घडण, समतोल यांनी हरखून जाणारे पाहणारे. आम्ही दुसऱ्या जातीचे. लंडनच्या हेस्टर बेटमन या बाईची हकीकत वाचली तेव्हा तर आमचे हे व्यसन पक्के झाले. नवरा १७६० मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी या विधवेने आपल्या नावाचा ठसा कचेरीत नोंदवला. पुढे जवळजवळ तीस वर्षे कारखाना चालवला. बाईला लिहितावाचता येत नसावे असे तिच्याविषयी लिहिणारे मानतात. आणि तिची दोन वळणदार आद्याक्षरे आज जगभर भिंगाखाली वाचली जातात!

आपल्याकडच्या चांदीला असे व्याकरण नाही. इंग्रजी अमलातही हिंदुस्थानात सक्तीची पारख-कचेरी नव्हती. कच्छच्या भुजेत ओमरसी मावजी या दरबारी कारागिराने आपल्या सुरेख वेलबुट्टीच्या कामाखाली 'ओ.एम. भुज' अशी रोमन अक्षरे उठवली, मद्रासच्या 'पी. ऑर अँड सन्स'ने देवदेवतांच्या मूर्ती उठवलेल्या 'स्वामी' शैलीच्या चहादाण्यांवर आपले नाव घातले. ही चांदी साहेबाच्या टेबलासाठी घडलेली, म्हणून तिला नाव. आपल्या घरातले तांब्या-फुलपात्र, ताम्हन, पळी-पंचपात्र, अत्तरदाणी, गुलाबदाणी, बाळाचे बोंडले ज्या सोनाराने घडवले त्याने आपले नाव कुठेच ठेवले नाही. मात्र एक गोष्ट आपल्याकडे आहे, जी इंग्रजी चांदीत इतक्या आपुलकीने आढळत नाही. आपण भांड्यावर घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाव घालतो. 'चि. सौ. कां.'पासून 'यांचे स्मरणार्थ'पर्यंतचा सगळा संसार भांड्यांच्या काठांवर कोरलेला असतो. मराठीतला हा सर्वांत आखूड गद्यप्रकार असावा; त्याचा अभ्यासक्रमात समावेश व्हावा असा प्रस्ताव आम्ही एकदा अभ्यासमंडळाच्या बैठकीत अर्धवट थट्टेने मांडलाही होता. सभासद हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

या हौसेच्या मुळाशी हौस नव्हती, हे आता सांगायला हवे. आमच्यापैकी एकाच्या आईची चांदी १९८९ च्या उन्हाळ्यात सराफाकडे गेली. बहिणीचे लग्न होते. सराफाने एकेक भांडे काट्यावर ठेवले, काठावरची नावे बघितलीही नाहीत. मोडीचा भाव सांगितला, घट वजा केली आणि कागदावर एक बेरीज लिहून दिली. घरी परतताना आई एवढेच म्हणाली, की निदान तांब्या तरी रिकामा न्यायला नको होता, त्यात चार दाणे तांदूळ टाकायला हवे होते. पुढे या विषयावर ती कधी बोलली नाही. चांदीचे मरण असेच असते. पुस्तक रद्दीत गेले तरी त्याची दुसरी प्रत कुठेतरी असते. चांदी मात्र वितळली की तिच्याबरोबर तिचे नाव, तिथी, देणारा, घेणारा सारे नाहीसे होते, आणि तीच चांदी उद्या कुणाच्या तरी पैंजणात निर्मळ मनाने वाजू लागते.

इतिहासही असाच वितळत आला आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायचे चांदीचे टेबल-दिवे-कुंड्या १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी टांकसाळीत पाठवले. आपल्या सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये दिल्ली घेतल्यावर दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवले आणि त्याचे रुपये पाडले. फौजेच्या पोटापुढे त्या छताची नक्षी कुणाला दिसणार? १९८० च्या जानेवारीत जागतिक बाजारात चांदीचा भाव अस्मानाला भिडला तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील कित्येक घरांची जुनी भांडी भट्टीत गेली. २०२५ मध्ये आपल्याकडे चांदी किलोला दीड लाखाच्या पुढे गेली. त्या वर्षी सराफकट्ट्यावर काय काय वितळले असेल, याचा विचारही आम्हांस करवत नाही. भाव चढतो तेव्हा नवी चांदी मिरवते आणि जुनी मरते.

म्हणून आम्ही लिलावात जाऊ लागलो, असे आम्ही स्वतःस सांगत आलो. आम्ही विकत घेत नाही, वाचवतो. ही आमची भूमिका. ती फार सोयीची होती.

वास्तविक लिलाव ही संस्था किती निष्पाप आहे हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि भोसल्यांच्या वाड्यातले हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीच्या बाजारात कवडीमोलाने विकले गेले. जवाहीर कलकत्त्याला विक्रीसाठी गेले. वाड्यातले सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन, असे वृद्ध बाकाबाईसाहेबांनी बजावल्याचे जॉन के या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. या घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, त्याच घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार लंडनला सोथबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. तिचे पाते युरोपीय घडणीचे. ते कुणाचे हे ओळखता आले याचे कारण त्यावर देवनागरीत, सोन्याच्या पाण्याने, धन्याचे नाव लिहिलेले होते. नाव वाचता आले म्हणून ती घरी आली. बिननावाच्या वस्तू कुठल्या कुठे गेल्या असतील.

संग्राहकाचा दुसरा आदर्शही आपल्याकडे आहे, आणि तोही कवीचाच. दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. पुढे दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये, दरवाजे गोळा करीत ते देशभर हिंडले; अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आमचे विद्यार्थी सहलीला तिथे जातात तेव्हा आम्ही त्यांना सांगतो, की या माणसाने कविता सोडली नाही, तिचे माध्यम बदलले. वाक्य छान आहे, टाळ्याही मिळतात. परंतु केळकरांचे संग्रह करणे ज्या दुःखातून आले होते आणि ज्या दानात संपले, त्या दोहोंपैकी काहीच आमच्या कपाटात नव्हते. आमच्या कपाटात एक वही होती. तिच्यात पाच रकाने : वस्तू, वजन, छाप, खरेदी, उगम. शेवटच्या रकान्यात आम्ही प्रत्येक वेळी एकच शब्द लिहीत असू — 'अज्ञात'.

आता त्या घटनेकडे येतो.

२०१८ च्या पावसाळ्यात मुंबईतील एका लिलावगृहाच्या विक्रीत 'घरगुती चांदी, पाच नग' असा एक लॉट होता. ताम्हन, पळी, पंचपात्र, वाटी आणि फुलपात्र. एकूण वजन ६४० ग्रॅम. अपेक्षित किंमत बावीस ते अठ्ठावीस हजार, म्हणजे साधारण मोडीचीच. सूचीत फुलपात्राविषयी एवढीच नोंद होती की काठावर भारतीय लिपीत मजकूर असून तळाशी ओरखडे आहेत. सूचीच्या भाषेत ओरखडे म्हणजे दोष. दोष सांगणे हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा भाग, आणि तो अपेक्षित किमतीतून वजा होतो.

विक्रीच्या आदल्या दिवशी वस्तू पाहू देतात. काठावरचा मजकूर सुबक बाळबोध अक्षरांत होता : एका मुलीचे नाव, तिला आजोळाकडून मिळालेली भेट, शके १८३९, वैशाख. म्हणजे १९१७ चा उन्हाळा, लग्नसराई. नाव इथे देत नाही. ते आमचे नाही. मग फुलपात्र पालथे करून आम्ही तळ पाहिला. ओरखडे एका रेषेखाली लोंबत होते. ज्याने मोडीच्या वर्गात चार महिने काढले आहेत त्याला ही रेषा अंधारातही कळते. मोडी लिहिणारा आधी शिरोरेषा ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगतो. बोरू कागदावरून झरझर जावा म्हणून जन्मलेली ती गोलाई इथे सुईच्या टोकाने धातूवर काढलेली, म्हणून प्रत्येक वळण मोडून त्याचे कोन झाले होते. उजेड बेताचा, शेजारी लिलावगृहाचा कर्मचारी उभा, हातात त्याने दिलेले पांढरे मोजे. दोन शब्द लागले : 'पाणी' आणि 'आश्विन'. त्यापुढे आकडा, १८४०.

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि फुलपात्र जागेवर ठेवले. काही मिळाले का, असे कर्मचाऱ्याने अगदी सौजन्याने विचारले. आमच्यापैकी एक जण म्हणाला, "नाही, ओरखडे आहेत." दुसऱ्याने दुरुस्त केले नाही.

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहिला आहे. तेव्हा ते खोटे वाटले नाही, चतुराई वाटली. शके १८४० चा आश्विन म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर. मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाने सर्वाधिक बळी घेतले तो महिना. लग्नानंतरचे दीड वर्ष. दोनच शब्द हाती असताना मराठीच्या प्राध्यापकांनी कथा रचू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. परतीच्या लोकलमध्ये दादर येईपर्यंत आमची कथा रचून झाली होती. मजकूर आहे हे कळले तर घरचे लोक लॉट मागे घेतील, किंवा किंमत तिपटीने वाढेल, ही भीतीही त्याच प्रवासात आम्ही बोलून दाखवली. वाल्टर बेन्यामिनच्या १९३१ मधील ग्रंथसंग्रहावरील निबंधाचा आधारही घेतला. हवे असलेले पुस्तक प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ नये म्हणून लिलावात गप्प बसल्याची हकीकत त्यात तो रंगवून सांगतो. बेन्यामिनच गप्प बसला होता, मग आम्ही कोण? वाचनाचा असाही उपयोग होतो.

दुसऱ्या दिवशी लॉट पुकारला गेला तेव्हा पहिली बोली पांढऱ्या सदऱ्यातील एका गृहस्थांची होती. असे गृहस्थ प्रत्येक लिलावात असतात. हातात गणकयंत्र, समोर त्या दिवसाचा चांदीचा भाव. ते वजन विकत घेतात. सत्तावीस हजारांवर त्यांनी यंत्र खिशात ठेवले आणि मान हलवली. आमची मर्यादा तीस हजारांची, ती घरून ठरवून निघालो होतो. पण त्याच वेळी कोपऱ्यातल्या टेबलावरून, कानाला फोन लावून बसलेल्या मुलीने हात वर केला. फोनवरचा बोलीदार दिसत नाही. तो कोण, कुठे, त्याच्यासाठी हजार रुपये म्हणजे किती, काहीच कळत नाही. दिसतो तो फक्त मध्यस्थाचा वर जाणारा हात. आमची खात्री झाली की हा कुणी मोठा व्यापारी, त्यालाही ओरखड्यांचे रहस्य कळले आहे. तीस, बत्तीस, पस्तीस. मध्ये फोनवर बराच वेळ कुजबूज चाले, मग हात वर होई. चाळीसवर तो हात पुष्कळ रेंगाळून वर गेला. आम्ही एक्केचाळीस म्हणालो. मुलीने फोनमध्ये काही विचारले, ऐकले आणि मान खाली घालून नकार दिला. हातोडा पडला.

त्यावर लिलावगृहाचे शुल्क आणि कर. हे पैसे गच्चीच्या गिलाव्यासाठी ठेवलेले होते. त्या पावसाळ्यात गच्ची गळत राहिली, आणि आम्ही बादल्या बदलताना एकमेकांशी फारसे बोललो नाही.

तळ पूर्ण वाचायला एक रात्र लागली. तिरपा दिवा, भिंग, आणि मोडीची बाराखडी. फुलपात्र आम्ही घासले नाही. जुन्या चांदीची काळी जी खाचांत बसते तीच कोरीव अक्षरे दिसती ठेवते. रांगोळीने चार वेळा लख्ख घासले की नक्षी बोथटते आणि उथळ ओरखडे तर पुसूनच जातात. म्हणजे ज्या घरात हे फुलपात्र शंभर वर्षे राहिले, तिथे एक तर कुणी ते मनापासून घासले नव्हते, किंवा जाणीवपूर्वक तळ सोडून घासले होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसते, शब्द सुटे नसतात. पण अखेर ओळ लागली. पाच शब्द आणि एक आकडा :

'यातूनच शेवटचे पाणी दिले. आश्विन १८४०.'

कुणाला, ते लिहिलेले नाही. कुणी, तेही नाही. काठावर एक नाव आहे आणि तळाशी हे आहे. या दोहोंमध्ये फुलपात्राची उंची, चार बोटे. आम्ही दोघे वर्षानुवर्षे करुणरसावर व्याख्याने देत आलो आहोत. त्या रात्री आमच्यापैकी एकही जण काही बोलला नाही.

वहीत नोंद करायची वेळ आली तेव्हा अडलो. वस्तू, वजन, छाप, खरेदी भरून झाले. उगम. 'अज्ञात' लिहिण्यास पेन उचलले आणि ते लिहिता येईना. तो अज्ञात नव्हता. कुणीतरी तो सुईने लिहून ठेवला होता, आणि तो वाचल्यावर आम्ही त्याला 'ओरखडे' म्हटले होते. रकाना आठ महिने रिकामा राहिला. शेवटी लिलावगृहाला पत्र लिहिले : विकणाऱ्यांचे नाव नको, पण सोबतचे बंद पाकीट त्यांना पोहोचते करावे. पाकिटात तळाचे छायाचित्र, बाळबोधात उतरवलेली ओळ आणि आमचा दूरध्वनी क्रमांक. आदल्या दिवशी आम्ही ती अर्धी वाचली होती, हेही लिहिले. त्या वाक्याचे मसुदे सात झाले.

पंधरा दिवसांनी दूरध्वनी आला. आवाज वृद्ध, शब्द जपून वापरणारा. "प्राध्यापक ना आपण? मला मोडी येत नाही. छायाचित्रात दिसतही नाही नीट. वाचून दाखवता का?" आम्ही वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "आमच्या आजोबांची पहिली बायको. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. दुसऱ्या आजीनं मात्र ते फुलपात्र कधी पुजेतून हलू दिलं नाही. तिचं तीच घासायची."

भावंडांत वाटणी होत नव्हती, म्हणून सगळेच विकून पैसे वाटायचे ठरले, असे त्यांनी सांगितले. मग सहज, कसलाही आरोप न करता, म्हणाले, "फोनवर माझी पुतणी होती. कॅनडात असते. तिला ते एक फुलपात्र हवं होतं, पण वाटणीत मागितलं तर भांडण झालं असतं, म्हणून म्हणाली, काका, मी लिलावातच घेते. तिला वाटलं समोर कुणी व्यापारी आहे. चाळीस हजारांवर तिनं सोडलं."

आम्हांलाही फोनवर कुणी व्यापारी आहे असेच वाटले होते.

आम्ही म्हणालो की फुलपात्र परत नेता येईल. पैशांचा प्रश्न नाही. 'पैशांचा प्रश्न नाही' हे वाक्य बोलताना गळकी गच्ची डोळ्यांसमोर आली, हे कबूल करतो. ते म्हणाले, "तिला विचारतो. पण एक सांगा, आदल्या दिवशीच तुम्ही तिथल्या माणसाला सांगितलं असतं, की यावर काही लिहिलं आहे, तर?" प्रश्नात राग नव्हता. परीक्षक तोंडी परीक्षेत विचारतो तसा तो प्रश्न होता, आणि आम्हांला उत्तर येत नव्हते. तर त्यांनी लॉट मागे घेतला असता. घरात कदाचित भांडण झाले असते, कदाचित भांडण मिटले असते. यांतले काय झाले असते ते ठरवण्याचा हक्क त्यांचा होता, आणि तो आम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिला नाही.

पुतणीचा निरोप पुढे आला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपुढची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आणि हे फुलपात्र तर १९१७ चे, तारीख अंगावर कोरलेले. ते कॅनडाला जाऊ शकत नाही, हे लिलावात उतरण्यापूर्वीच तिला ठाऊक होते. काकांकडे पुजेत ठेवायचे, एवढाच तिचा बेत होता. आता काकांचे घरही राहिलेले नाही. तिने लिहिले की सध्या ते आमच्याकडे असू द्यावे, ती येईल तेव्हा पाहील. शेवटी एक विनंती होती : मराठी बोलता येते पण वाचण्याची सवय गेली आहे, तर ती ओळ कुणाच्या तरी आवाजात पाठवता येईल का. आमच्यापैकी एकाने ती म्हणून पाठवली. पाच शब्द. तीन वेळा ध्वनिमुद्रण करावे लागले.

तिचे येणे अजून झालेले नाही. मध्ये महामारीची वर्षे गेली, आणि त्या काळात तो तळ आम्ही कितीदा पाहिला ते सांगत नाही. लिलावाला आम्ही अजूनही जातो. त्याचे समर्थन करणार नाही. आम्ही गेलो नाही तर पांढऱ्या सदऱ्यातील गृहस्थ आहेतच, हा युक्तिवाद अजून खरा आहे. फक्त आता आम्ही तो मोठ्याने म्हणत नाही. नियम एकच केला आहे. वस्तूवर जे वाचता येते ते विक्रीपूर्वी लिलावगृहाला लिहून कळवायचे. त्यापायी दोन लॉट हातचे गेले. एक मागे घेतला गेला, दुसऱ्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेर गेली. मागे घेतला गेला त्या संध्याकाळी आम्ही बाहेर जेवलो.

फुलपात्र कपाटात वेगळ्या खणात आहे, मऊ सुती फडक्यात. ते घासत नाही. वहीत त्याची नोंद होती, ती खोडली आहे. ज्याचा उगम ठाऊक आहे ते आमच्या संग्रहातले नाही, एवढे तरी समजले. त्याच्याबरोबर आलेली पळी, पंचपात्र, ताम्हन आणि वाटी यांवर काही लिहिलेले नाही. ती रोजच्या पुजेत वापरतो. तळ सोडून घासतो.